पाखरावरचा आळ

धुळे, दि. २८ जून १९७१

प्रिय भाईदास यास लखीचंदचा जयजिनेंद्र.

वकीलसाहेब, पत्र पोचलं. कायद्याविषयी जे लिहिलंस ते वाचून डोकं तापलं आणि मंदावहिनींनी घातलेल्या कैरीच्या लोणच्याविषयी लिहिलंस ते वाचून थंड झालं. बरणी कोणी येणाऱ्याबरोबर पाठव. कायद्यावरची मतं मात्र स्वतःजवळच ठेव.

अरे, मे महिन्यात अंतर्गत सुरक्षेचा वटहुकूम निघाला, आता त्याचा रीतसर कायदा होतोय, आणि तुम्हा काळ्या कोटवाल्यांच्या पोटात गोळा उठलाय. तिकडे पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे येताहेत. त्या लोंढ्यात शत्रूचे हस्तक किती, हे कोण सांगणार? परकं सरकार आपल्याकडे हेर पाठवतं ते काय साक्षीपुरावे बरोबर बांधून देतं? अशा माणसाला आधी उचलायचं आणि मग विचारायचं. नाही तर विचारेपर्यंत पूल उडालेला असतो. तुमच्या हाकेवर भुसावळचं रेल्वेचं यार्ड आहे, वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि तरी तुझा जीव घाबरतो तो कायद्याला. निरपराध माणसाला भ्यायचं कारणच काय, एवढं एक मला समजावून सांग.

इथल्या वाचनालयात या विषयावर जाहीर परिसंवाद ठरतोय. पावसाचा जोर ओसरला की होईल. बाजूने बोलायला मला बोलावलंय. आग्रा रोडवर भुसार माल विकणाऱ्या माणसाला व्यासपीठावर बसवताहेत म्हणजे गावात चांगल्या वक्त्यांचा तुटवडा असावा, असं कुसुमलता म्हणाली. नवऱ्याची किंमत घरात कधी कळत नाही.

भुवा ठीक आहे. सख्ख्या भाच्यापेक्षा तुझीच आठवण जास्त काढते. शाळेत असताना तू दिवस मावळल्यावर जेवायला यायचास आणि ती सूर्य बुडायच्या आत जेव म्हणून ओरडायची, हे दर चार दिवसांनी सांगते. आता चौमासा लागेल. यंदा तिने गावाची शीव ओलांडायची नाही असं व्रत घ्यायचं ठरवलंय. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत साधूंच्या प्रवचनाचं स्थानक, घर आणि घरावरची गच्ची. गच्चीवर तिच्या पाखरांचा बाजार भरलेला असतोच. पारध्याकडून विकत घेते, दुखणाईत असतील त्यांना हळद लावते, आणि बरी झाली की सोडून देते. माझं धुतलेलं धोतर वाळत घालायला जागा उरलेली नाही. त्या उठाठेवीत मी लक्ष घालत नाही.

तुझा,
लखीचंद


जळगाव, दि. ६ जुलै १९७१

प्रिय लखू,

सप्रेम नमस्कार. लोणच्याची बरणी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवली आहे. फुटली तर तोही परक्या सरकारचा घातपात समज.

तुझं भाषण मी पत्रातच ऐकलं. आता माझंही थोडं ऐक. हेर नसतात असं मी कधी म्हणालो? असतात. त्यांना धरावं, फासावर द्यावं, मला दुःख नाही. माझं दुखणं एवढंच आहे की धरलेला माणूस हेरच आहे हे कोणी तरी कोणासमोर तरी दाखवून द्यावं. नव्या कायद्यात एका साहेबाची सही झाली की माणूस आत. मग वकील नाही, उघडं कोर्ट नाही. कारणं कळवतील, सल्लागार मंडळापुढे कागद जातील, सगळं खरं. पण तोवर घरची चूल थंड, शेजारी दार लावून घेतात, आणि उद्या तो सुटला तरी लोक म्हणणार, काही तरी असेलच. ज्याला माहीत आहे तो बोलायला पुढे येण्याच्या आत सही झालेली असते. मला त्या सहीची भीती वाटते. सही करणारा वाईट नसतो, घाईत असतो.

निरपराध माणसाला भ्यायचं कारण काय, असं तू विचारतोस. आमच्या गल्लीत निंबा म्हणून गवंडी आहे, चोपड्याकडचा. दिवसभर भिंती बांधतो आणि संध्याकाळी ढाबळीतली कबुतरं उडवतो. त्याची बायको तानुबाई म्हणते, माझ्यापेक्षा त्या कबुतरांशी जास्त बोलतात. परवा त्याला मी सहज विचारलं, पोलीस दिसला की तुला काय वाटतं? म्हणाला, “दादा, माले काही करेल नस्ताना बी धडधड व्हस.” हा निरपराध माणूस आहे, शेठ. त्याला तुझा प्रश्न विचारून बघ.

भुवांना माझा नमस्कार सांग. अजूनही सूर्य बुडाल्यावरच जेवतो म्हणावं, अशिलांमुळे.

तुझा,
भाईदास


पोस्टकार्ड
धुळे, दि. २६ ऑगस्ट १९७१

प्रिय भाईदास,

काल संवत्सरी झाली. गेल्या वर्षभरात मनाने, वाणीने, वागण्याने तुला दुखावलं असेल तर क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.

दरवर्षीसारखी छापील कार्डं सगळ्या व्यापाऱ्यांना गेली, तुला हाताने लिहितोय. मात्र कायद्याबद्दल जे बोललो त्याची क्षमा यात धरू नये. कायदा झाला, आता तू कितीही आदळआपट केलीस तरी तो झाला. परिसंवाद पाच सप्टेंबरला आहे. विरोधी बाजूने बोलायला एक प्राध्यापक मिळालेत. बिचारे.

लखीचंद


जळगाव, दि. ३१ ऑगस्ट १९७१

प्रिय लखू,

तुझ्या कार्डाला आज थट्टेने उत्तर देणार होतो. देता येत नाही.

निंबाला नेलं. शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेवढ्यात तानुबाई धावत आली. तिच्या पदराला शेण तसंच लागलेलं होतं. झालं ते असं. पंधरवड्यापूर्वी निंबाच्या थव्यात एक परकं कबूतर आलं. तशी येतात. कबुतरं पाळणाऱ्यांत त्याची मौज असते. निंबानेही दाणा टाकला, ते राहिलं. त्याच्या पायात एक तांब्याचं कडं होतं. गल्लीत कोणी तरी ते पाहिलं, त्यावर चाँद-तारा आहे अशी बोलवा झाली, आणि कोणी तरी ठाण्यावर वर्दी दिली. निंबाने गेल्या साली भुसावळला रेल्वेच्या चाळींची डागडुजी केली होती, हेही त्यात जोडलं गेलं. झाला की नाही हेर तयार? यार्ड पाहिलेला माणूस आणि शत्रूची खूण असलेलं पाखरू.

मी ठाण्यावर गेलो होतो. फौजदार उद्धट नाहीत, उलट मला चहा दिला. म्हणाले, वकीलसाहेब, वरून सारख्या ताकिदी येताहेत. उद्या खरंच काही झालं तर मला कोणी विचारणार नाही का? सध्या त्याला चौकशीसाठी ठेवलंय. पण नव्या कायद्याखाली स्थानबद्ध करावं असा कागद कलेक्टर कचेरीत गेला आहे. त्यावर सही झाली की निंबा कुठल्या तरी लांबच्या तुरुंगात वर्षभर जाऊन पडणार. मग मी नुसता बघत राहणार.

कोठडीच्या गजाआड तो उकिडवा बसला होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, “पाखरू उनं, मी दाना टाका. एवढंच शे, दादा. भुक्याले दाना टाकना गुन्हा शे का?” याला उत्तर तुला सुचलं तर कळव.

कबूतरही अटकेत आहे. मुद्देमाल म्हणून पिंजऱ्यात घालून कपाटावर ठेवलंय. मला अजून ते जवळून पाहू दिलेलं नाही.

भाईदास


धुळे, दि. ७ सप्टेंबर १९७१

प्रिय भाईदास,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तुझा शेजारी आहे, तुझा जीव तुटणारच. पण मित्रा, शेजारी आहे म्हणून तुला तो निरपराध वाटतो, एवढाच तुझा पुरावा. चाँद-ताऱ्याचं कडं घातलेलं कबूतर आपण होऊन जळगावला येतं? तेही रेल्वेचं यार्ड पाहिलेल्या माणसाच्या घरी? तूच विचार कर. निंबा भोळा असेल. भोळ्या माणसालाच असल्या कामात वापरतात.

खरं सांगायचं तर परिसंवादात मी हाच दाखला दिला. नाव-गाव घेतलं नाही, फक्त म्हणालो की इथून थोड्या अंतरावर, आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, शत्रूची खूण बांधलेलं पाखरू उतरलं आहे, आणि आपले प्राध्यापकमहाशय अजून कलमं मोजत बसले आहेत. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. प्राध्यापक पाणी पिऊ लागले. एका साप्ताहिकाने भाषण छापलं, फोटोसकट. फोटोत माझी टोपी जरा वाकडी आलीय.

एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. भुवा भाषण ऐकायला आली होती. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती. पाखराचं बोललो तेव्हा ती एकदम ताठ झाली. घरी आल्यापासून जेवली नाही. उपास धरलाय म्हणते. देशावरच्या संकटाचा तिच्या मनावर एवढा परिणाम होईल असं मला वाटलं नव्हतं. या वयातही किती कळकळ आहे बघ. फक्त पाखराचंच विचारत राहते. कबूतर राखी रंगाचं की पांढरं, कडं कुठल्या पायात होतं, आणि डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं आहे का. मी म्हटलं, मला काय ठाऊक? तर म्हणाली, भाईदासला लिहून विचार, आजच. म्हणून लिहितो. बायकांचं कुतूहल, दुसरं काय.

लखीचंद


जळगाव, दि. ९ सप्टेंबर १९७१

लखू,

पत्र मिळताक्षणी ठाण्यावर गेलो. फौजदारांच्या हातापाया पडून पिंजरा खाली घ्यायला लावला.

राखी रंगाचं. मान हिरवट. डाव्या पायाचं मागचं बोट नाही. जुनी जखम आहे, भरून आलेली. कडं त्याच पायात.

आता कडं. तांब्याचं, बारीक, करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीचं. त्यावर तारा नाही. बोलवा करणाऱ्यांनी तारा स्वतःच्या घरून आणला. चंद्रकोर आहे, पण ती आडवी पडलेली आहे, वाटीसारखी. त्या वाटीत एक टिंब आहे आणि वाटीच्या खाली तीन टिंबं, एका ओळीत. फौजदारांना म्हटलं, ही कसली खूण? ते म्हणाले, गुप्त खूण असणार, म्हणून तर कळत नाही. एक शिपाई त्याला रोज ज्वारी टाकतो. त्याचं म्हणणं, पाखरू माणसाळलेलं आहे, हातावर बसतं.

आता तू मला सांग. जळगावच्या कपाटावर ठेवलेल्या पाखराचं तुटलेलं बोट धुळ्याच्या भुवांना कसं माहीत? मी हा प्रश्न फौजदारांना विचारलेला नाही. आधी तुला विचारतोय. कलेक्टर दौऱ्यावर यावलला गेलेत म्हणून सही अडली आहे. सोमवारी परत येतात.

तानुबाई रोज कोठडीत भाकरी घेऊन जाते आणि तिथून ढाबळीला दाणा टाकायला धावते. कबुतरांसाठी ती कधी थांबली नव्हती. आता म्हणते, ते सुटून आल्यावर एखादं कमी दिसलं तर काय सांगू.

भाईदास


धुळे, दि. ११ सप्टेंबर १९७१

भाईदास,

तुझं पत्र मी गादीवर बसून वाचलं आणि पुढचं गिऱ्हाईक मला दिसेनासं झालं.

ती खूण मी रोज बघतो. स्थानकात शिरताना दारावर कोरलेली आहे. आमच्या लग्नपत्रिकांवर, संवत्सरीच्या छापील कार्डांवरही ती असते. कोर म्हणजे सिद्धशिला, मोकळ्या झालेल्या जीवांची जागा. त्यातलं टिंब म्हणजे मोकळा जीव. खाली तीन टिंबं ती दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य. त्याखाली स्वस्तिक असतं, पण एवढ्याशा कड्यावर ते मावलं नसणार. लहानपणापासून जिच्यापुढे हात जोडले ती माझ्या धर्माची खूण, आणि मी भर सभेत तिला शत्रूची म्हणालो. टाळ्या घेतल्या. भुवा पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

पत्र हातात घेऊन गच्चीवर गेलो. ती पाखरांना दाणे टाकत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “लंगडाच आहे ना?” मी मान हलवली. मग सगळं सांगितलं तिने. पारधी तिच्याकडून पैसे घेऊन पाखरू सोडायचा आणि आठ दिवसांनी तेच धरून पुन्हा विकायला आणायचा. लंगडा तिने असाच तीनदा विकत घेतला. शेवटी कंटाळून तिने तांबटाला, म्हणजे आपल्या रुपचंदला सांगून कडी करून घेतली. कडं दिसलं की हे पाखरू अभय मिळालेलं आहे, याला धरायचं नाही, असं पारध्याला बजावलं. गच्चीवरच्या प्रत्येक पाखराच्या पायात आहे ते. मी रोज धोतर वाळत घालतो तिथे, आणि मी कधी पाहिलं नाही.

सभेतच तिला संशय आला होता. पण भाचा भाषणात बोलला ते खोटं असेल असं तिला मनातून म्हणवेना. बोटाचं नक्की कळेपर्यंत तोंडात अन्न घालायचं नाही असं तिने ठरवलं, आणि आता तो माणूस सुटेपर्यंत नाही. मी त्याला देशाची कळकळ समजलो.

आता म्हणते, मला जळगावला ने. मी म्हटलं, व्रत? म्हणाली, व्रत मोडीन, प्रायश्चित्त घेईन, माझ्या पाखरापायी माणूस आत राहता कामा नये. भाईदास, तिचं व्रत मोडण्यापेक्षा माझं नाक खाली गेलेलं बरं. मी येतो. रुपचंदला, त्याच्या ठशाला आणि तिच्या कड्यांच्या डबीला घेऊन उद्या पहिल्या गाडीने निघतो. कुसुमलताने माझी ती वाकडी टोपी नीट घडी घालून पिशवीत ठेवली.

सोमवारच्या आत पोचतो. तोवर सही होऊ देऊ नकोस, काहीही कर.

लखीचंद


जळगाव, दि. १८ सप्टेंबर १९७१

तीर्थरूप भुवाजींच्या चरणी भाईदासचा साष्टांग नमस्कार.

निंबा घरी आला. हे पहिल्या ओळीत लिहितो म्हणजे तुम्ही पुढचं निवांत ऐकाल. कागद कचेरीतून बिनसहीचा परत आला.

लखू आजच्या गाडीने निघतोय, पण तो तुम्हाला नीट सांगणार नाही, म्हणून मीच लिहितो आणि त्याच्याच हाती देतो. रविवारी आम्ही ठाण्यावर गेलो. फौजदारांच्या टेबलावर ते साप्ताहिक होतं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग लखूकडे पाहिलं आणि विचारलं, “शेठ, सभेत बोललेले ते तुम्हीच ना?” मला वाटलं, आता हा काही तरी सारवासारव करणार. तो म्हणाला, “हो, मीच. ते चुकीचं होतं, हे सांगायलाच आलोय.” भुवाजी, मी त्याच्याबरोबर मॅट्रिकपर्यंत एका बाकावर बसलो. त्याने चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही.

मग रुपचंदने खिशातून तांब्याची पट्टी काढली, टेबलावर छोटी ऐरण ठेवली आणि तिथल्या तिथे ठसा मारून दाखवला. फौजदारांनी ते कडं पाखराच्या कड्याशेजारी धरलं, भिंग लावून पाहिलं. तुमची डबीही उपडी केली. मग ते म्हणाले, “आमच्या घरासमोर तुमचं स्थानक आहे. मीही रोज बघतो की हो हे.” त्यांच्या चेहऱ्यावर मला इतकं मोकळं वाटलेलं दिसलं की त्यांच्यावर रागावायचं राहून गेलं. त्यांनाही त्या कागदाचं ओझं झालेलं असावं. त्यांनी दुसरा कागद तयार करून सोमवारी स्वतः कचेरीत नेला.

काल निंबा सुटला. तानुबाई दाराशी उभी होती. तो बाहेर आला. ती त्याच्या सदऱ्याला लागलेला कोठडीच्या भिंतीचा चुना झटकत राहिली, जसा काही तो कामावरून परतला होता. सुटकेचं असं सुख मी कोर्टात कधी पाहिलेलं नाही. माझेच डोळे भरून आले.

मग लखू पुढे झाला. निंबासमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, “मिच्छामि दुक्कडम्.” दरवर्षी तो शेकड्याने कार्डं पाठवतो, पण तो शब्द उच्चारताना त्याचा आवाज फाटलेला मी प्रथमच ऐकला. निंबाला अर्थातच काही कळलं नाही. तो म्हणाला, “शेठ, तुम्ही काय म्हनतस ते माले समजनं नई. पन पाखरूले पानी द्या, त्याले तहान लागेल शे.”

पाणी दिलं. फौजदार म्हणाले, आता हे मुद्देमाल नाही, सोडा. लखूच्या मनात होतं की ते सरळ तुमच्याकडे धुळ्याला उडेल. मला वाटलं, बघू या तरी. निंबाने ते हातावर घेतलं आणि वर सोडलं. आम्ही सगळे, फौजदारसुद्धा, माना वर करून बघत राहिलो. त्याने ठाण्यावर दोन घिरट्या घेतल्या आणि ते आमच्या गल्लीकडे वळलं. आम्ही घरी पोचलो तेव्हा ते निंबाच्या ढाबळीवर बसलं होतं, एका पांढऱ्या मादीशेजारी.

तुमच्याकडे आलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि आता जेवा.

तुमचा,
भाईदास


धुळे, दि. २३ सप्टेंबर १९७१

चिरंजीव भाईदास यास सुगनबाईचा आशीर्वाद. मंदाबाईलाही.

तुला माहीत आहे मला लिहिता येत नाही. मी बोलते आहे आणि लखू लिहितो आहे. मी बोलेन तेच लिहायचं, आपलं घालायचं नाही, असं त्याला सांगितलं आहे.

तुझं पत्र आल्यावर जेवले. कुसुमलताने शिरा केला होता. सूर्य बुडायच्या आत जेवले, तू मात्र कधी सुधारणार नाहीस. लंगडा मजेत आहे हे ऐकून बरं वाटलं. लखू गेल्यापासून मी रोज दुपारभर गच्चीवर बसत होते, जळगावकडे जाणाऱ्या पारोळ्याच्या रस्त्याकडे बघत. आला नाही. तेव्हा थोडं वाईट वाटलं, आता नाही वाटत. त्याचं घर झालं तिकडे. सोडलेलं पाखरू कुठे बसावं हे आपण कशाला ठरवायचं?

लखूने परवा वाचनालयात पुन्हा सभा घ्यायला लावली. उभा राहिला आणि सगळं सांगितलं. टाळ्या कमी पडल्या. (या वेळी प्राध्यापकांनी वाजवल्या, हे मी घालतो. कायदा हवा असं माझं अजूनही मत आहे, हेही सांगितलं. फक्त आधी विचारा, मग सही करा, असं म्हणालो. तू जिंकलास असं समजू नकोस. — ल.) त्याला मी मध्ये लिहू नको म्हणाले होते.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. लखू सभेत म्हणाला होता, निरपराध माणसाला भ्यायचं कारण काय. भाईदास, मी भ्याले होते. त्या संध्याकाळपासून दारावर कोणी थाप मारली की मला वाटायचं, मला न्यायला आले. मी काय केलं होतं? पाखराला कडं घातलं होतं. तरी छाती धडधडायची. मग त्या निंबाचं काय झालं असेल, ते मला कळलं. त्याला माझ्याकडून क्षमा मागितली म्हणून सांग, आणि त्याला कळेल अशा शब्दांत सांग.

आता कामाचं. निंबाला म्हणावं, लंगड्याच्या पायातलं कडं काप. तांबं पातळ आहे, कात्रीने कापेल, पण जपून. इथल्या सगळ्या पाखरांची कडी मी काल रुपचंदकडून कापून घेतली. लखूने स्वतः एकेक पाखरू धरलं. त्याला चोचींनी बरंच टोचलं. (टोचलं. — ल.) ज्याला मोकळं केलं त्याच्या पायात खूण कशाला, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

कुसुमलता म्हणते, आता पारधी तेच पाखरू पुन्हा पुन्हा विकायला आणील, तुम्हाला ओळखूसुद्धा येणार नाही. आणू दे. मी पुन्हा सोडवीन.

तुझी भुवा,
सुगनबाई